घर सोडून गेलेल्यांची घरं : हुईचौच्या डोंगरगावातला मुक्काम

आज आपण एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. चीनच्या आनहुई प्रांतात, दक्षिणेला, हुआंगशान पर्वताजवळच्या डोंगरांत शीदी आणि होंगत्सुन ही दोन गावं आहेत. २००० साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. तिथे मुक्कामाला गेलात, तर जुन्या व्यापाऱ्याच्या घरातच खोली मिळू शकते. अशा घरगुती मुक्कामाच्या जागेला चिनी भाषेत ‘मिनसू’ म्हणतात. आता प्रश्न असा, की इतकी श्रीमंती घरं या आडबाजूच्या डोंगरात बांधली कोणी? आणि ती पाहुण्यांना द्यायला मोकळी कशी झाली?

या मुलखाचं जुनं नाव हुईचौ. सहा तालुक्यांचा जिल्हा. डोंगर भरपूर, पिकाऊ जमीन थोडी. त्यामुळे पोरगा तेरा-चौदा वर्षांचा झाला की त्याला परमुलखात कुणा दुकानदाराच्या हाताखाली धाडायचं, ही इथली रीतच होती. मिंग आणि छिंग राजवटींत ही माणसं मीठ, चहा, लाकूड आणि सावकारी या धंद्यांत देशभर पसरली. यांगचौ शहरातल्या मिठाच्या व्यापारात तर त्यांचा मोठा दबदबा होता.

म्हणजे बघा, पाहुणा म्हणून राहणं हाच यांचा जन्माचा धंदा! १५७० साली हुआंग ब्येन नावाच्या हुईचौच्याच एका व्यापाऱ्याने देशभरातल्या वाटांचं पुस्तक तयार केलं. कुठून कुठे किती अंतर, कोणत्या टप्प्यावर थांबायचं, चोरांची भीती कुठे, अशी सगळी माहिती त्यात आहे. शिवाय मोठ्या शहरांत एकाच मुलखातल्या लोकांनी वर्गणी काढून बांधलेल्या वास्तू असायच्या, त्यांना ‘हुईग्वान’ म्हणत. आपल्या गावाकडची बोली, आपल्या चवीचं जेवण आणि पाठ टेकायला जागा, हे सगळं तिथे मिळे.

कमाई मात्र गावाकडे यायची आणि तिची घरं व्हायची. बाहेरून ही घरं पांढरी, उंच आणि बंद. खिडक्या अगदी लहान, त्याही वर. दोन घरांमधली भिंत छपराच्याही वर पायऱ्यापायऱ्यांनी चढवलेली असते, म्हणजे शेजारी आग लागली तरी इकडे पसरू नये. आत शिरलं की आपल्या वाड्याच्या चौकासारखी, पण अरुंद, उघडी जागा. तिला म्हणतात ‘थ्येनजिंग’, म्हणजे आकाशाची विहीर. चारही छपरांचं पाणी इथे आत पडतं. पाणी म्हणजे लक्ष्मी, ती घराबाहेर वाहून जाऊ द्यायची नाही, अशी त्यामागची समजूत.

दिवाणखान्यातल्या लांब टेबलावर घड्याळ, फुलदाणी आणि आरसा ओळीने मांडलेले दिसतील. या तिन्ही वस्तूंच्या चिनी नावांचे उच्चार जोडले, की ‘जन्मभर शांतता’ असा अर्थ निघतो. अर्धगोल टेबलाचे दोन भागही दाखवतात. घरधनी परगावी असला की ते वेगळे ठेवायचे, आला की जोडायचे, असं गावात सांगतात. घर इतकं बंद का, याचं उत्तर इथे मिळतं. पुरुष वर्षानुवर्षं बाहेर, आणि आत वाट पाहणाऱ्या बायका. जवळच थांगयुए इथे सात दगडी कमानी ओळीने उभ्या आहेत. त्यांपैकी दोन, नवरा गेल्यावर पुन्हा लग्न न केलेल्या स्त्रियांच्या गौरवासाठी आहेत. त्या गौरवामागे एकटीने काढलेलं आख्खं आयुष्य आहे, हे विसरू नका.

एकोणिसाव्या शतकात हे सगळं ढासळलं. १८३० च्या दशकापासून मिठाच्या मक्तेदारीला सुधारणांनी सुरुंग लावला. पुढे थायफिंग बंडाच्या लढायांनी मुलूख पार उद्ध्वस्त झाला. नंतर पैसा आलाच नाही, म्हणून जुनी घरं पाडून नवी बांधली गेली नाहीत. आज आपण ज्याला वारसा म्हणतो, तो बराचसा गरिबीनेच राखला!

मग १९७९ च्या जुलैमध्ये पंचाहत्तरीतले डेंग शियाओपिंग हुआंगशान चढले आणि इथे पर्यटन वाढवा असं सांगून गेले. १९८७ मध्ये तर जिल्ह्याचं नावच बदलून ‘हुआंगशान शहर’ झालं. ज्या नावाने ‘आनहुई’ या शब्दातला ‘हुई’ दिला, ते एका छोट्या उपविभागापुरतं उरलं. अनेकांना हे आजही खटकतं.

इथे खरा मुद्दा येतो. पाहुण्यांचा पैसा कोणाचा? शीदीने तिकिटाचा कारभार गावाच्याच संस्थेकडे ठेवला. होंगत्सुनमध्ये १९९७ पासून तो बाहेरच्या कंपनीकडे गेला, आणि वाट्यावरून गावकऱ्यांशी बरीच वर्षं तंटा चालला. खोली भाड्याने देणं महत्त्वाचं ठरतं ते यामुळेच. तिकीट पाहण्याचं असतं, ते गेटवर फाटतं. मुक्कामाचं भाडं मात्र, घरमालक गावचाच असेल तर, थेट त्याच्या हातात पडतं. पण मालक शहरातून आलेला असेल तर? त्याच तालुक्यातल्या बीशान गावात शहरी कलावंतांनी ग्रामोद्धाराचा प्रयोग केला, त्यावर २०१४ मध्ये मोठा वाद झाला. बाहेरच्यांना अंधार हवा होता, तारे दिसावेत म्हणून. गावकरी विचारत होते, रस्त्यावर दिवे कधी येणार?

या घरांचा इतिहास असा उलटा फिरलाय. दुसऱ्यांच्या गावात पाहुणे म्हणून राहिलेल्यांनी ती बांधली. आता त्यांत दुसऱ्या गावचे पाहुणे राहतात. यातलं एक घर तर अमेरिकेत गेलंय. ‘यिन यू थांग’ हे त्याचं नाव. ते सुटं करून मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमच्या संग्रहालयात उभारलं, आणि २००३ पासून लोक ते पाहतात. तिथे घर नीट जपलंय, पण चुलीवर काही शिजत नाही. होंगत्सुनच्या एखाद्या खोलीत सकाळी शेजारची आजी कालव्यावर भाजी धुताना दिसते, तोवर ते घर घर आहे. म्हणून तिथे कधी गेलात, तर खोली किती जुनी आहे हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, की मालक याच गावचा का?