मालेगावचा सुपरमॅन: तीन तारखा आणि एक छायाचित्र

मालेगावच्या चित्रपटांवर मराठी विकिपीडियासाठी एक नोंद तयार करावी, असे मनात आले तेव्हा काम आठवड्याभराचे वाटले होते. मी राहतो मोसम नदीच्या अलीकडे, कॅम्प भागात. यंत्रमागांचे मालेगाव पलीकडे. शुक्रवारी माग बंद असतात आणि मजुरांची पावले सिनेमाकडे वळतात, हे लहानपणापासून पाहिलेले. गावचाच विषय, म्हणजे फारसे शोधावे लागणार नाही, असा माझा समज. तो चुकीचा ठरला.

पहिली अडचण तारखांची. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी गावातल्याच माणसांना घेऊन 'मालेगाव के शोले' हे विडंबन केले. त्यात गब्बरची टोळी घोड्यांऐवजी सायकलींवर येते. पुढे त्यांनी सुपरमॅनवर चित्रपट केला. नायक शफीक शेख हा यंत्रमाग कामगार, आणि छातीवर 'एस'ऐवजी मालेगावचा 'एम'. या चित्रपटाच्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. तो 2008 चा, पण भारतातील चित्रपटगृहांत लागला 29 जून 2012 रोजी. त्यानंतर रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा कथापट 2024 मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि 28 फेब्रुवारी 2025 रोजी प्रदर्शित झाला. मूळ चित्रपट, त्यावरचा माहितीपट आणि त्या माणसांवरचा कथापट, अशा या तीन वेगळ्या कृती. मी जमवलेल्या कात्रणांत मात्र एकीची तारीख दुसरीला चिकटलेली आणि माहितीपटाचे श्रेय मूळ चित्रपटाच्या दिग्दर्शकाला दिलेले आढळले.

यापेक्षा अवघड गोष्ट पुढे आली. कथापटात शफीकचा आजार आधी कळतो आणि मित्र त्याच्यासाठी सुपरमॅन उभा करतात. कथा म्हणून ते डोळ्यांत पाणी आणते. पण माहितीपटात याच चित्रीकरणाच्या मध्ये शफीकचे लग्न होते. कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला तो 2011 मध्ये, माहितीपटानंतर तीन वर्षांनी. कथापटाला असा क्रम बदलण्याची मुभा असते. नोंद लिहिणाऱ्याला ती नसते. कथापट पाहून कुणी लेख लिहितो, त्या लेखाचा संदर्भ ज्ञानकोशात येतो आणि पुढचा लेखक ज्ञानकोशावरून लिहितो. असा फेरा एकदा पूर्ण झाला की कल्पित प्रसंगालाही पुराव्याचे वजन येते. म्हणून मी कथापटाची माहिती फक्त कथापटापुरतीच वापरली.

दुसरी अडचण चित्राची. ज्ञानकोशाच्या सामाईक चित्रसंग्रहात मुक्त परवान्याचेच चित्र चालते. पोस्टरचा विचार केला, तर 'शोले' 15 ऑगस्ट 1975 चा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरचे वर्ष सुरू झाल्यापासून 60 वर्षे टिकतो. म्हणजे मूळ 'शोले'चाच हक्क 2035 अखेरपर्यंत आहे. त्याच्या विडंबनाचे पोस्टर म्हणजे गाठीवर गाठ. मग एका जुन्या चित्रपटगृहाचा फोटो काढला. इमारतीचे छायाचित्र घ्यायला कायद्याची हरकत नाही, पण दर्शनी भागावर भलेमोठे पोस्टर होते. चौकटीत मुख्य दिसत होते तेच. तो फोटोही बाद केला.

इथे आमच्याच जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके आठवले. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी प्रदर्शित झाला. त्यातली चित्रे आज कुणीही छापावीत, मुदत केव्हाच संपली आहे. पण पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जी रिळे आहेत, ती फाळक्यांनीच 1917 मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. म्हणजे चित्र मोकळे, पण त्याखाली '1913' लिहिताना हात अडखळतो. मालेगावात नेमके उलटे आहे. चित्रातली माणसे सांगणारे अजून हयात आहेत, अडते ते हक्कापाशी.

हे मला एका चाचांच्या घरी समजले. तरुणपणी ते गावातल्या चित्रीकरणांत पडेल ते काम करत. त्यांच्या पेटीत त्यांनीच काढलेला एक फोटो निघाला. बैलगाडीवर उभारलेला कॅमेरा आणि भोवती मागावरून आलेली सात-आठ पोरे. कायद्याप्रमाणे छायाचित्राचा पहिला मालक ते काढणारा. पैसे देऊन कुणी काढवून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर काढवून घेणारा. चाचांना कुणी पैसे दिले नव्हते. हक्क त्यांचाच. परवानगी लेखी हवी, म्हणून मी मराठीत मजकूर केला होता. त्यांच्यासाठी तो उर्दूत करून घेतला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारले, "और कोई इसको कप पे छाप के बेचा, तो?"

मुक्त परवान्यात विक्रीचीही मुभा असते आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. मी तसे सांगितले. "मेरा फोटो है, भाऊ. लेकिन चेहरे तो इनके हैं," असे म्हणत त्यांनी कागद परत केला. मी आग्रह धरला नाही. चित्राविना राहणाऱ्या नोंदीपेक्षा मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. आणखी वीस वर्षांनी 'मालेगावचा सुपरमॅन' म्हटले की लोकांना शशांक अरोरा या गुणी नटाचा चेहरा आठवेल आणि शफीकचा आठवणार नाही.

निघताना मी चाचांना एकच विनंती केली. फोटोच्या मागे त्यांनी पेन्सिलीने उजवीकडून एकेकाचे नाव लिहिले, शेवटी ठिकाण आणि साल. दोन नावांपाशी थांबून त्यांनी शेजारच्याला बोलावून खात्री करून घेतली. मग फोटो परत पेटीत गेला.

नोंदीत सध्या मी काढलेले यंत्रमागाच्या गल्लीचे छायाचित्र आहे.