तळटीप : सत्यशोधक पद्धतीचा विवाह

७. सत्यशोधक पद्धतीने : म्हणजे ब्राह्मण पुरोहिताला न बोलावता. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात अशा लग्नांना सुरुवात झाली. ‘भटाला फाटा देऊन खर्च वाचवला’ एवढाच याचा अर्थ लावणे मूळ विचारावर अन्याय करणारे आहे. संस्कृत मंत्र ना वधूला कळत, ना वराला. आपण कशाची शपथ घेतो हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्या शपथेला मोल काय, हा फुल्यांचा खरा प्रश्न होता. म्हणून १८८७ च्या त्यांच्या पूजाविधीच्या पुस्तकात मंगलाष्टके मराठीत आहेत आणि ती वधूवर स्वतःच म्हणतात. त्यांत वधू भर मांडवात स्त्रियांच्या हक्कांविषयी वराकडून वचन मागते. तोही ते सर्वांसमक्ष देतो. वधूच्या तोंडी असे मागणे घालणे, तेही त्या काळात, ही फार मोठी गोष्ट आहे. जुन्नर तालुक्यातील ओतूरला अशी लग्ने लागली, तेव्हा दक्षिणेच्या हक्कासाठी तिथल्या जोशांनी कोर्टात धाव घेतली. प्रस्तुत पत्रातील ‘खटल्याचे काय झाले’ हा उल्लेख त्याच वादाचा दिसतो.