अब्बांचा टेलिप्रिंटर आणि भाच्याचा आर्डुइनो

अब्बा तार खात्यात होते. १४ जुलै २०१३ हा सरकारी तारसेवेचा शेवटचा दिवस. त्या रात्री ते टीव्हीसमोर बराच वेळ गप्प बसले आणि एवढंच म्हणाले, "गेली आपली तार." मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. पण मागच्या महिन्यात ती मला आपाच्या घरी, भाच्याच्या टेबलावर पुन्हा भेटली.

भाचा अकरावीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तो मातीचा ओलावा मोजून झाडांना पाणी देणारं यंत्र करत होता. त्यासाठी आर्डुइनो उनोच्या धर्तीचा एक स्वस्त बोर्ड त्याने घेतला होता. आपाने शिलाईच्या पैशांतून रक्कम दिली होती. तीन दिवस झाले तरी संगणक आणि बोर्ड एकमेकांशी बोलत नव्हते. "मामू, बोर्ड डुप्लिकेट निघाला. अम्मीला कसं सांगू?" पोरगं रडकुंडीला आलं होतं.

मी म्हटलं, बोर्डाला दोष देण्याआधी मधला रस्ता तपासू. हा रस्ता आहे फार जुना.

फ्रान्सच्या तार खात्यातल्या एमिल बोदो यांनी १८७४ मध्ये पाच खुणांच्या संकेतांची तारयंत्रणा पेटंट केली. आज वेग मोजायला आपण 'बॉड' म्हणतो, ते त्यांच्याच नावावरून. त्यांच्या यंत्रावर काम करणाऱ्याला यंत्राच्या ठेक्यात कळा दाबाव्या लागत. ठेका चुकला की अक्षर चुकलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकागोच्या चार्ल्स आणि हॉवर्ड क्रम या बापलेकांनी यावर तोड काढली. प्रत्येक अक्षराआधी 'सुरू' अशी एक खूण आणि शेवटी 'थांब' अशी दुसरी. मग दोन यंत्रं सतत ठेक्यात ठेवायची गरज उरली नाही. एका अक्षरापुरतं जमलं की झालं.

आर्डुइनोची सिरियल तार आजही हेच करते. एक सुरुवातीचा बिट, आठ माहितीचे, एक थांबण्याचा. दोन्हीकडे समान घड्याळ नाही, म्हणून वेग आधीच ठरलेला असावा लागतो. ९६०० बॉडला एक बिट साधारण १०४ मायक्रोसेकंद टिकतो. एकाने ९६०० आणि दुसऱ्याने १,१५,२०० धरला, तर पडद्यावर चौकोन आणि उलटीसुलटी चिन्हं उमटतात.

दुसरा वारसा १९६० सालचा. संगणक आणि मोडेम जोडण्यासाठी अमेरिकेत आरएस-२३२ हे मानक आलं. त्यात 'डीटीआर' नावाची एक तार होती: मी तयार आहे, असं मोडेमला सांगणारी. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावी आर्डुइनो जन्मला. पुढच्या बोर्डांत याच संकेताने बोर्ड आपोआप रिसेट करायची सोय आली. रिसेट झाल्यावर थोडाच वेळ बोर्ड नव्या प्रोग्रामची वाट पाहतो. संकेत पोचला नाही, तर 'प्रोग्रामर उत्तर देत नाही' असा संदेश येतो आणि मुलांना वाटतं, बोर्ड मेला.

आम्ही एकेक टप्पा घेतला. यादीत पोर्टच दिसत नव्हता. केबल बदलली आणि पोर्ट आला. आधीची केबल नुसत्या चार्जिंगची होती, तिच्यात माहितीच्या तारा नव्हत्या. तरी प्रोग्राम चढेना. पाहिलं तर ० आणि १ या पिनांवर ब्लूटूथ लावलेलं. यूएसबीकडून येणारी तार याच पिनांवर येते. एका तारेवर दोघे बोलू लागले तर कुणाचंच ऐकू जात नाही. ब्लूटूथ काढलं, प्रोग्राम चढला. पण पडद्यावर कचरा.

तेवढ्यात असरची नमाज आटोपून अब्बा आत आले. चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "स्पीड जुळवला का दोन्हीकडचा?"

प्रोग्राममध्ये १,१५,२०० होतं, पडद्याच्या खिडकीत ९६००. भाच्याने आकडा बदलला. स्वच्छ ओळ उमटली: ओलावा ४१२.

"नाना, तुम्हाला कसं कळलं?"

अब्बांनी सांगितलं, त्यांचा टेलिप्रिंटर ५० बॉडवर चाले. मजकूर बिघडला की आधी मोटरचा वेग बघायचा, ट्यूनिंग फोर्क कंप पावत ठेवून त्याच्या फटीतून. मग लाइन तपासायला 'आर' आणि 'वाय' ही इंग्रजी अक्षरं आलटून पालटून पाठवायची, कारण त्यांच्या पाचही खुणा एकमेकांच्या नेमक्या उलट आहेत.

भाच्याने वहीत लिहून घेतलं: आधी केबल, मग पोर्ट, मग पिना, मग वेग, शेवटी बोर्ड. आपाला काही सांगावं लागलं नाही. अब्बा मात्र त्या संध्याकाळी बराच वेळ टेबलापाशी बसून होते. नातू एकेक ओळ वाचून दाखवत होता.