रानपिंगळा

रानपिंगळा : स्ट्रिजिडी कुलातील, फक्त भारतात आढळणारे लहान घुबड. शास्त्रीय नाव अथीनी ब्लेविटी. लांबी सुमारे २३ सेंमी. गावठाणातल्या नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचे डोके मात्र मोठे व जवळजवळ बिनठिपक्यांचे, चोच दणकट, पोट पांढरे आणि शेपटीवर ठळक पट्टे. घुबड असूनही तो दिवसा शिकार करतो. सरडे, पाली, उंदीर व कीटक हे त्याचे भक्ष्य.

एफ. आर. ब्लेविट यांनी १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधील फुलझर भागात मिळवलेल्या नमुन्यावरून ए. ओ. ह्यूम (काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक, ते हेच) यांनी १८७३ मध्ये या जातीचे वर्णन केले. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला नमुना शेवटचा ठरला. संग्रहालयांत एकूण नमुने सातच.

पुढच्या शोधाची वाट एका लबाडीने चुकवली. ब्रिटिश पक्षिसंग्राहक कर्नल रिचर्ड माइनर्टझागेन यांनी आपण १९१४ मध्ये गुजरातेत मांडवी येथे हा पक्षी मिळवल्याचे सांगितले होते. सालिम अली व डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणत्यांनाही पुढे तो सापडला नाही. पक्षी नामशेष झाला असे बहुतेकांनी धरले. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी माइनर्टझागेन यांचा नमुना बारकाईने तपासला, तेव्हा नव्याने भरलेल्या कातड्याच्या आत डेव्हिडसन यांच्या हातच्या खुणा निघाल्या. नमुना चोरलेला होता, चिठ्ठी खोटी होती.

मांडवीची नोंद बाद करून रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांनी जुन्या खऱ्या नोंदींची ठिकाणे धुंडाळली. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळ (तेव्हा धुळे, आता नंदुरबार जिल्हा) सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना रानपिंगळा दिसला. मध्ये ११३ वर्षे गेली होती. स्थानिक वनवासींच्या नजरेसमोर तो या काळातही वावरत असणार. हरवला होता तो शास्त्राच्या दप्तरातून.

नंतर तोरणमाळ, यावल, मेळघाट, मध्य प्रदेशातील खकनार आणि २०१४ मध्ये थेट मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. विरळ सागवानी जंगल त्याला मानवते. घरटे झाडाच्या ढोलीत असते. म्हणून जुन्या, ढोलीच्या झाडांची तोड आणि शेतीसाठी होणारे अतिक्रमण त्याला सर्वांत जाचक. जादूटोण्यासाठी घुबडे मारण्याच्या प्रथेचाही धोका आहे. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ असा झाला. याचे मुख्य कारण नवनव्या ठिकाणी तो आढळला हे आहे.