आजीने वगळलेली पत्रे

माझी आजी लहानपणी गावच्या देवळाबाहेर, पोथी ऐकू येईल एवढ्या अंतरावर बसायची. ऐकायला मुभा होती, विचारायला नव्हती. घरात पदवी घेणारा मी पहिला. आज वर्गात इतिहास शिकवताना मला ते अंतर आठवते.

ख्रिस्ती साधनेत शास्त्रवाचनाला मननाची जोड असते. बाराव्या शतकातील गिगो दुसरा या मठवासीयाने तिच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान. वाचन म्हणजे घास तोंडात घेणे, मनन म्हणजे तो चावणे. पण ज्याच्या ताटात काय वाढायचे हे मालकच ठरवतो, त्याने चावायचे काय?

ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी १८०७ साली लंडनमध्ये एक बायबल छापले गेले. मोशेने इस्राएल लोकांना मिसरच्या दास्यातून सोडवले, ती कथा त्यातून गाळली होती. धन्याची आज्ञा पाळण्याचा उपदेश तेवढा ठेवला होता. अमेरिकेत उत्तर कॅरोलिनाने १८३० साली गुलामांना वाचायला-लिहायला शिकवणे हाच गुन्हा ठरवला. तरीही फ्रेडरिक डग्लसने बाल्टिमोरच्या गटारांतून बायबलची सुटी पाने वेचली, धुऊन वाळवली आणि वाचली.

गुलामगिरीत जन्मलेल्या नॅन्सी अँब्रोझला मात्र अक्षरओळख कधीच झाली नाही. फ्लोरिडातील डेटोना येथे तिचा नातू हॉवर्ड थर्मन आठवड्यातून दोन-तीनदा तिला बायबल वाचून दाखवी. स्तोत्रे, यशया, शुभवर्तमाने ती पुन्हा पुन्हा ऐके. पौलाची पत्रे मात्र वाचू देत नसे. अपवाद करिंथकरांस पहिल्या पत्रातील प्रीतीच्या अध्यायाचा, तोही क्वचित. कॉलेजात गेल्यावर नातवाने कारण विचारले. मालकाचा पाद्री गुलामांपुढे दरवेळी पौलाचेच वचन घेऊन आज्ञापालन शिकवी. स्वातंत्र्य मिळाले तर तो भाग कधी वाचायचा नाही, असे तिने तेव्हाच देवाला वचन दिले होते. थर्मनने ही हकीकत १९४९ सालच्या ‘जीझस अँड द डिसइन्हेरिटेड’ या पुस्तकात नोंदवली आहे.

निरक्षर बाईने केलेली ही ग्रंथचिकित्साच आहे. प्रत्येक वचन तिने आपल्या पाठीवरच्या अनुभवाशी ताडून पाहिले. तिच्या मननात स्वीकाराइतकाच नकारही होता.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली, म्हणून ही आजी मला परकी वाटत नाही. तिने ग्रंथ ठेवला आणि पाने वगळली. आपण २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली आणि १९५६ साली धर्मही सोडला. जिथे विषमता हाच ग्रंथाचा गाभा असतो, तिथे पाने वगळून भागत नाही. वाटा वेगळ्या, पण अधिकार एकच: वचन पारखण्याचा.

हा अधिकार आपल्या ग्रंथांपुढेही वापरायचा असतो. ग्रंथात आहे म्हणून मानू नका, असे बुद्धाने कालामांना सांगितले होते. बाबासाहेबांची वाक्ये नुसती घोकणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी नॅन्सी अँब्रोझची गोष्ट सांगतो. माझ्या आजीला विचारता न आलेले प्रश्न त्यांनी तरी विचारावेत.