चालू डेटाबेसचा बॅकअप आणि अपुरी पुनर्स्थापना : एक ऐतिहासिक आढावा

डेटाबेस बंद ठेवून त्याची प्रत घेणे ही जुनी व निर्धोक पद्धत होय. परंतु बँकांसारख्या अखंड व्यवहारांना अशी विश्रांती परवडेनाशी झाली, तेव्हा काम सुरू असतानाच प्रत घेण्याचे तंत्र रूढ झाले. अशी प्रत कोणत्याही एका क्षणाची नसते. पहिले पान दुपारी बारा वाजता उतरले आणि शेवटचे एक वाजता, तर मधल्या तासातील बदल काही पानांत दिसतात, काहींत दिसत नाहीत. ही विसंगती दूर होते ती लॉग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रमवार नोंदवहीमुळे.

या नोंदवहीमागील विचार आयबीएमच्या सिस्टिम आर या प्रकल्पात आकारास आला. जिम ग्रे व सहकाऱ्यांचा त्यावरील निबंध 1981 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे मद्रास आयआयटीचे माजी विद्यार्थी सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये ‘एरीज’ ही पद्धत मांडली. आधी नोंद लिहावी, मग पान बदलावे आणि अपघातानंतर नोंदींची क्रमाने उजळणी करावी, हे तिचे सूत्र. पोस्टग्रेसक्यूएल या मुक्त प्रणालीत साठविलेल्या नोंदींच्या आधारे हव्या त्या क्षणापर्यंत पुनर्स्थापना करण्याची सोय 2005 मधील 8.0 या आवृत्तीपासून आली.

पुनर्स्थापना अर्ध्यावर थांबते तेव्हा दोष बहुधा प्रतीत नसून नोंदींच्या साखळीत असतो. प्रत घेण्यास आरंभ झाल्यापासून ती पूर्ण होईपर्यंतचा एकही दुवा गहाळ असेल, तर पोस्टग्रेसक्यूएलच्या नंतरच्या आवृत्त्या ‘ऑनलाइन बॅकअप संपण्यापूर्वीच नोंदी संपल्या’ अशा आशयाचा संदेश देऊन डेटाबेस उघडण्यास नकार देतात. येथे घाईत एक घातक उपाय योजला जातो. उजळणी कोठून सुरू करावयाची हे सांगणारी ‘बॅकअप लेबल’ नावाची छोटी फाइल काढून टाकली जाते. डेटाबेस उघडतो खरा. पण आतील पाने परस्परांशी जुळत नाहीत, आणि हे कित्येकदा महिन्यांनंतर ध्यानात येते. प्रणालीचा नकार हा अडथळा न मानता निदान मानावे, हे उत्तम. गहाळ दुवा शोधावा. न सापडल्यास आधीच्या अखंड बॅकअपकडे वळावे.

31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या संस्थेत घडलेली घटना या संदर्भात अभ्यसनीय आहे. दुय्यम सर्व्हर मागे पडला होता. त्यास हव्या असलेल्या नोंदी मुख्य सर्व्हरवरून पुसल्या गेल्या होत्या आणि त्या अन्यत्र जपून ठेवण्याची व्यवस्थाच नव्हती. दुय्यम सर्व्हर नव्याने उभारण्याच्या खटाटोपात मुख्य सर्व्हरवरीलच सुमारे 300 जीबी माहिती नष्ट झाली. नित्याचा बॅकअप पाहावयास गेले, तर साठा रिकामा! बॅकअपचे साधन 9.2 आवृत्तीचे आणि डेटाबेस 9.6 चा, त्यामुळे ते काम कित्येक दिवस अयशस्वी होत होते. तशा सूचनेच्या ई-मेलही पत्रव्यवस्थेने नाकारल्या होत्या. अखेर चाचणीसाठी सुमारे सहा तास आधी सहज घेतलेली एक प्रत कामी आली. ती मूळ जागी आणण्यास अंदाजे अठरा तास लागले. प्रकल्पांच्या आज्ञावली स्वतंत्र ठिकाणी असल्याने बचावल्या. मधल्या सहा तासांतील सुमारे 5,000 प्रकल्प, 5,000 अभिप्राय आणि 700 नवीन खाती यांच्या नोंदींना मात्र फटका बसला.