न पिणाऱ्याचं लिव्हर

"डॉक्टर, आयुष्यात थेंबाला शिवलो नाही, आणि सोनोग्राफीत लिव्हर फॅटी आलंय." शिवमंदिराजवळच्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य मी आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकतो. सोबतची बायको तेवढ्यात नवऱ्याकडे संशयाने बघते. तिला काय बोलणार? आम्ही डॉक्टरांनीही बरीच वर्षं असंच बघितलं.

१९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. लुडविग यांनी २० रुग्णांच्या यकृताचे तुकडे तपासले. सूक्ष्मदर्शकाखाली चित्र थेट दारुड्याच्या यकृताचं, पण ही माणसं पिणारी नव्हती. आजाराला नाव पडलं 'नॉन-अल्कोहोलिक'. म्हणजे आजार काय नाही एवढंच सांगणारं नाव! ते बदलायला २०२३ उजाडलं.

खरं तर आतड्याकडे बोट दाखवणारा पुरावा त्याच सुमारास समोर येत होता, तोही एका फसलेल्या ऑपरेशनमधून. १९६०-७०च्या दशकांत अमेरिकेत वजन उतरवण्यासाठी लहान आतड्याचा बराचसा भाग वाटेतून बाजूला काढत. वजन उतरायचं, पण काहींच्या यकृतात चरबी उलट वाढायची, काहींचं यकृत निकामी व्हायचं. बाजूला पडलेल्या त्या आतड्यात जंतूंची बेसुमार वाढ होत होती. १९८२ मध्ये ड्रेनिक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अशा रुग्णांना मेट्रोनिडाझोल दिलं तर यकृतातली चरबी कमी होते. औषध जंतूंवरचं, फायदा यकृताला. (ते ऑपरेशन पुढे बंद पडलं.)

असं का व्हावं? आतड्यातून निघणारं रक्त सरळ हृदयाकडे जात नाही, आधी यकृतात जातं. यकृताला मिळणाऱ्या रक्तातला सुमारे तीन चतुर्थांश भाग याच वाटेने येतो. त्यामुळे जंतू जे काही बनवतात त्याची पहिली झळ यकृताला. तंतुमय अन्नापासून ते ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात, ती आतड्याचं अस्तर धड ठेवतात. पण काही जंतू चक्क दारू गाळतात. २००० साली लठ्ठ उंदरांच्या श्वासात अल्कोहोल सापडलं, आणि अँटिबायोटिक दिल्यावर ते कमी झालं. २०१९ मध्ये चीनमधल्या संशोधकांना फॅटी लिव्हरच्या त्यांच्या रुग्णांपैकी सुमारे ६० टक्क्यांच्या आतड्यात भरपूर अल्कोहोल बनवणारे क्लेबसिएला जंतू मिळाले. ते जंतू उंदरांना दिले, तर उंदरांचं यकृतही फॅटी झालं. थोडक्यात, हातभट्टी पोटातच! चढण्याइतकी ती सहसा नसते, कारण यकृत ती वाटेतच अडवतं आणि त्याची किंमत स्वतः मोजतं. सगळ्यांच्या फॅटी लिव्हरचं कारण हेच, असं मात्र समजू नका. साखर, पोटाचा घेर आणि आनुवंशिकता अजूनही मोठे गुन्हेगार आहेत.

"पण मी तर बारीक आहे," असंही काहीजण म्हणतात. त्यांना मी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा २००४ मधला फोटो सांगतो. शेजारी इंग्लंडचे डॉ. युडकिन. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! आपली चरबी कपड्यांच्या मापात दिसत नाही.

आता हे वाचून मेडिकलमधून मेट्रोनिडाझोल आणू नका. जुलाब लागले की परस्पर ती गोळी घेणारे आपल्याकडे कमी नाहीत. ती चांगले जंतूही मारते, आणि फार दिवस घेतली तर नसांना इजा करते. महागड्या प्रोबायोटिक कॅप्सूलनी फॅटी लिव्हर बरं होतं, असा भरवशाचा पुरावाही अजून नाही. वजन जास्त असेल आणि ते ७ ते १० टक्के उतरलं, तर यकृताची सूज कमी होते, हे मात्र पक्कं आहे. ताटात भाकरी, मटकी, पालेभाजी वाढवा, कोल्ड्रिंक बंद करा.

आणि येताना नुसता सोनोग्राफीचा रिपोर्ट आणू नका. एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेटचे आकडेही आणा. तुमचं वय आणि हे तीन आकडे मिळाले, की यकृतात चट्टे पडायला लागलेत का, याचा अंदाज मला तिथल्या तिथे काढता येतो.